तिसरी तक्रार

दार उघडलं ते एका उंच, सावळ्या तरुणानं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, दोन्ही हातांना फेस आणि डाव्या हातात अर्धवट घासलेली कढई. त्यानं रेणूच्या खांद्यावरच्या अवजारांच्या पिशवीकडे पाहिलं. मग तिच्या मागे रस्त्यावर आणखी कोणी आहे का, तेही मान वाकडी करून पाहिलं.

"डिशवॉशरसाठी... ते दुकानवाले माणूस पाठवतो म्हणले होते."

"मंग? मी काय आहे?"

"नाई, तसं नाई... म्हणजे माणूस म्हणजे—"

"आत येऊ, की इथूनच दुरुस्त करू भाऊ?"

'भाऊ' ऐकून त्याचा चेहरा पडला. तो बाजूला झाला आणि त्या नादात कढईतलं साबणाचं पाणी स्वतःच्याच पायावर सांडून बसला. रेणूनं हसू दाबलं. कामाच्या पहिल्याच महिन्यात गिऱ्हाइकाला हसणं बरं नव्हे, एवढं तिला कळत होतं.

रेणू पटले दरेकशाची. रोज सकाळच्या पॅसेंजरनं गोंदियाला यायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं डोंगर-जंगलातल्या त्या इवल्याशा स्टेशनवर उतरायचं, हा तिचा शिरस्ता. ती आयटीआय पहिल्या नंबरानं पास झाली होती, तरी यादोरावांनी आपल्या दुरुस्तीच्या दुकानात तिला दोन वर्षं फोनवरच बसवलं होतं. दुसऱ्यांच्या तक्रारी वहीत लिहायच्या आणि मुलांना कामावर धाडायचं. दोन वर्षं तिनं त्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे ते म्हणाले, "ठीक है बेटा, तीन महीने बाहर जाके देख. पण एकाच मशीनची तिसरी तक्रार आली, तर पुन्हा फोन. समझी?" समजली होती. चांगलीच समजली होती. तिला पुन्हा त्या फोनवर बसायचं नव्हतं, काही झालं तरी नव्हतं.

स्वयंपाकघरात सुमित्राबाई पाटावर बसल्या होत्या. उजवं मनगट पावसाळ्यात पायरीवरून पडून मोडलेलं, आत सळई घातलेली. त्या हातानं भांडी घासणं संपलं, म्हणून त्यांच्या लेकानं, या दुर्गेशनं, दिवाळीत हे यंत्र आणलं होतं. अख्ख्या गल्लीनं त्यावर तोंडसुख घेतलं होतं. आता ते बंद पडल्यावर गल्लीला किती आनंद झाला असेल, ते सांगायला नको.

"दिवे लागतात व पोरी," सुमित्राबाई म्हणाल्या. "पन चालू नाई होत. कालपासून असंच आहे. मुकी झाली मशीन."

रेणूनं बैठक मारली. तिला शिकवणाऱ्या सरांची एकच शिस्त होती, आधी साफ करायचं, मग तपासायचं. तिनं ब्रश आणि ओलं फडकं घेऊन दाराच्या कडा, खाचा, रबर सगळं पुसून काढलं. मग प्लग पाहिला. मीटर लावून करंट पाहिला. सिंकखालचा नळ पूर्ण उघडा आहे ना, नळी कुठे मुडपली नाही ना, पोरांनी बटणं दाबू नयेत म्हणून असतं ते कुलूप चुकून लागलं नाही ना... सगळं जागच्या जागी. शेवटी दार लावून तिनं बटण दाबलं.

आत पाणी भरू लागलं. घूं... असा आवाज आला आणि यंत्र चालू झालं.

"पोरीच्या हाताले गुण आहे बाप्पा!" सुमित्राबाईंनी डावा हात कपाळाला लावला.

दुर्गेश ओल्या पायांनी दारात उभा राहून यंत्राऐवजी तिच्याकडेच पाहत होता. रेणू मात्र खूश नव्हती. यंत्र चालू झालं, पण का बंद होतं, ते सापडलं नव्हतं. आपोआप बरं झालेलं दुखणं तिला आवडत नसे.

आणि झालंही तसंच. बरोबर आठवड्यानं दुसरी तक्रार आली.

या खेपेला ती नवा सुटा भाग घेऊनच गेली. दिवे लागतात पण काम सुरू होत नाही, याचा अर्थ एकच, दार लागलंय हे यंत्राला कळत नाही. दाराच्या वरच्या कडेला मधोमध एक बारीक खाच असते. दार लावलं की वरचा आकडा त्या खाचेत शिरतो आणि आतली कळ दाबतो. ती कळ दबली नाही, तर यंत्र ढिम्म हलत नाही. तिनं नेहमीसारखं सगळं आधी पुसून घेतलं, ती कळ असलेलं जुनं लॉक काढलं, नवं बसवलं. यंत्र चालू.

"मशीनले कोन कोन हात लावते?" तिनं विचारलं.

"कोनी नाई व. भांडी भरतो तो दुर्गेश, आन् बटन दाबतो मी. बस."

एवढं सांगून सुमित्राबाई चहा टाकायला वळल्या. दुर्गेश समोरच्या स्टुलावर बसला. तो एका राइस मिलमध्ये तांदळाची प्रत तपासायचा. नुसत्या तळहातावर चार दाणे घेऊन सांगायचा की धान कुठलं, कधी कापलं, उन्हात किती दिवस वाळलं. त्याच्या शर्टाला उकडलेल्या धानाचा गोडसर वास येत होता. तो वास आपल्याला आवडतोय, हे लक्षात येताच रेणूनं नाक उगाचच पुसलं.

"दाण्यावरून सगळं ओळखता, तं माणसंही ओळखता काय?" स्क्रू आवळता आवळता ती म्हणाली.

"एखाद्याले ओळखतो. पण एका बारीत नाई जमत. दोन-तीनदा पाहा लागते."

"असं?"

"म्हणून तं... मशीन बिघडली ते बरंच झालं म्हणतो मी."

रेणूनं मान वर केली. तो जीभ चावून चुलीकडे, म्हणजे गॅसकडे, पाहू लागला. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. थंडीचे दिवस होते, तरी झाल्या.

"तुमच्यासाठी बरं झालं असन, भाऊ," ती म्हणाली, "पण माह्यासाठी नाई. एका मशीनची तिसरी तक्रार आली, की मालक मले पुन्हा फोनवर बसवतीन. दोन वर्षं बसली मी तिथं. तुमाले नाई समजणार ते कसं असते."

दुर्गेशच्या तोंडावरचं हसू गेलं. "तिसरी नाई येणार," तो म्हणाला. "आन् एक सांगू? ते भाऊ... नका म्हणू ना."

"मंग काय म्हणू?"

"दुर्गेश म्हणा. नाई तं काहीच नका म्हणू. पण भाऊ नको."

त्या दिवशी परतीच्या गाडीत रेणू खिडकीशी बसली होती. बाहेर कापणी झालेली शेतं, मळणीची धूळ, दूर धुरकट डोंगर. ती मनातल्या मनात नुसतं नाव म्हणून पाहत होती. एकदा म्हणून पाहिलं, मग दोनदा. सालेकसा केव्हा मागे पडलं, ते तिला कळलंसुद्धा नाही.

म्हणूनच बारा दिवसांनी, एका बुधवारी, यादोरावांनी वही तिच्यापुढे सरकवली तेव्हा तिनं ती ओळ दोनदा वाचली. तेच नाव, तोच पत्ता, तिसरी तक्रार.

"रेणू बेटा, तीन हो गए," यादोराव म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण शब्दाचा पक्का होता. "शनिवारी नागपूरहून माणूस बोलावला आहे. सोमवारपासून तू फोनवर."

"शनिवार यायचा आहे ना अजून?" रेणूनं पिशवी उचलली. "तोपर्यंत मशीन माझीच आहे."

रागानं ती तिथवर कशी पोचली, ते तिचं तिलाच ठाऊक. सुमित्राबाई मागच्या अंगणात वड्या वाळत घालत होत्या. दुर्गेश जेवायला घरी आलेला. त्याच्याशी एक अक्षर न बोलता तिनं यंत्रापुढे बसकण मारली, फडकं फिरवलं, दार लावलं, बटण दाबलं.

घूं... यंत्र सुरळीत चालू झालं.

रेणू सावकाश उठली. नवं लॉक, नवी कळ, करंट बरोबर, पाणी बरोबर. यंत्रात काही दोष नव्हताच. म्हणजे दार लागत नव्हतं असं नाही, कोणीतरी ते नीट लावत नव्हतं. आणि 'मशीन बिघडली ते बरंच झालं' असं कोण म्हणालं होतं?

"मजा वाटली तुमाले?" ती म्हणाली. "मले पाहायचं होतं, तं स्टेशनवर येऊन उभं राहायचं होतं! दुकानात यायचं होतं! माह्या पोटावर कायले पाय देऊन राहिले?"

"मी? मी काय केलं?"

"दार अर्धं ठेवायचं आन् बंद पडली म्हणून फोन करायचा. तीनदा! सांगितलं होतं ना मी तुमाले, तिसरी आली की काय होते ते?"

दुर्गेशनं दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या पेरांची सालं निघाली होती. नखांपाशी चिरा पडल्या होत्या.

"मशीन गुरुवारीच बंद पडली," तो हळूच म्हणाला. "सहा दिवस झाले. मी फोन नाई केला. आईले म्हणलं, थांब, आपोआप होईन चालू. सकाळ-संध्याकाळ मीच घासून राहिलो भांडी... तिसरी तक्रार नको म्हणून. आज आईनं हे हात पाहिले आन् मले न सांगता तुमच्या दुकानात फोन लावला."

अंगणातून सुमित्राबाईंच्या बांगड्या वाजल्या. आत मात्र फक्त यंत्राची घरघर चालली होती.

आपण या माणसाला काय काय बोललो! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं रेणूला वाटलं. पण जमीन काही दुभंगत नसते, आपल्यालाच निस्तरावं लागतं. शिवाय एक शब्द तिच्या डोक्यात रुतून बसला होता.

"गुरुवारी म्हणलं तुमी?"

"हो. सकाळी."

तिनं घाईघाईनं आपली डायरी उघडली. पहिली तक्रार शुक्रवारी आलेली, सुमित्राबाई म्हणाल्या होत्या कालपासून बंद. म्हणजे गुरुवार. दुसरीही शुक्रवारची, वर बंद पडल्याचा वार लिहिलेला... गुरुवार.

"उद्या काय वार आहे?"

"गुरुवारच," दुर्गेश म्हणाला.

"उद्या पहिल्या गाडीनं येते मी. आज भांडी धुऊन झाली, की दार जसं रोज ठेवता तसं ठेवा. आन् उद्या कोणीच काही वेगळं करायचं नाई. मी कोपऱ्यात बसून राहीन. कारण सापडल्याशिवाय मी उठत नाई." ती दारापर्यंत गेली आणि थबकली. "आन् मी जे बोलली ते... चुकलं माझं. लय चुकलं."

"बोलल्या त्यातलं एक तं बरोबर होतं," तो म्हणाला.

"कोणतं?"

"ते... स्टेशनवर येऊन उभं राहायचं होतं मी."

रेणू निघाली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. ते काही पाळता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दरेकशाला इतकं धुकं होतं की गाडीचा दिवा आधी दिसला आणि गाडी मागून. रेणू गोंदियाच्या रेलटोलीत, दुर्गेशच्या घरी पोचली तेव्हा सुमित्राबाईंची आंघोळ नुकतीच झाली होती. दुर्गेश एरवी गुरुवारी सातलाच मिलमध्ये जायचा, आज उशिरा येतो म्हणून सांगून थांबला होता. रेणू स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर बसली. दुर्गेशनं तिच्या हातात चहाचा कप दिला. बोटं बोटांना लागली. दोघांनीही कपाकडेच पाहिलं.

यंत्राचं दार काल रात्रीपासून वीतभर उघडं होतं, आतली ओल वाळावी म्हणून. रोज तसंच ठेवायचे.

सुमित्राबाईंनी देवापुढे दिवा लावला. मार्गशीर्षातला गुरुवार, लक्ष्मीचा कलश मांडलेला, झेंडूची माळ, नारळ. पूजा झाली. मग त्या हातात ताम्हन घेऊन स्वयंपाकघरात आल्या. गॅसला हळदकुंकू लावलं. पाट्याला लावलं. मिक्सरला लावलं. आणि यंत्रापुढे येऊन, उघड्या दाराच्या वरच्या कडेवर, अगदी मधोमध, ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं, वर कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहिल्या, हात जोडले... आणि दार ढकलून लावलं. मग बटण दाबलं.

दिवे लागले. यंत्र मुकं.

"पाहा व पोरी! मी काही केलं काय?"

"आई, थांबा!" रेणू कप ठेवून उठलीच. "हात नका लावू!"

तिनं फडक्याकडे जाणारा स्वतःचा हात मागे ओढला. दार अलगद बोटभर उघडलं, खाचेत टॉर्च मारला. आत, आकडा बसतो तिथेच, लाल रंगाचा तांदळाचा एक दाणा कुंकवानं चिकटून आडवा बसला होता. आणि तिला एकदम सगळं लख्ख दिसलं. आली की पहिल्याप्रथम ती फडकं फिरवायची. दर वेळी दोष तिनं स्वतःच्याच हातानं पुसून टाकला होता आणि मग दिवसभर तो शोधत बसली होती.

"चिमटा द्या."

तो दाणा तिनं दुर्गेशच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो नखानं फिरवला, उजेडात धरला.

"अख्खा आहे," तो म्हणाला. "दोन्ही टोकं शाबूत. तुकडा असता तं खाली गळून गेला असता, कळलंही नसतं."

"मंग तुटका कसा वाहीन बाप्पा मी देवाले?" सुमित्राबाईंचा आवाज रडवेला झाला. "मी तं एकेक निवडून घेतो. माह्या हाताचं काम करते ते, म्हणून मानानं मार्गशीर्षात दर गुरुवारी... आन् माह्याच पायी पोरीची नोकरी जात होती काय?"

रेणूनं त्यांचा सळईचा हात हळूच आपल्या हातात घेतला. "पूजा चुकली नाई आई. फक्त जागा चुकली. इथं, बाजूच्या पत्र्यावर लावा कुंकू. अक्षताही तिथंच. दाराच्या माथ्यावर नको."

मग तिनं तिथूनच यादोरावांना फोन लावला. सगळं सांगितलं, लॉकपासून लाल दाण्यापर्यंत, स्वतःच्या फडक्यासकट, काही न लपवता. पलीकडून यादोरावांचा खोकला आला. ते हसत असले की खोकत.

"नागपूरवाला क्या खाक ढूंढता ये," ते म्हणाले. "त्याला नको म्हणून सांगतो. सोमवारी आमगावला दोन वॉशिंग मशीन आहेत, तू जाशील. फोनसाठी दुसरं कोणी पाहतो मी."

रेणूनं फोन खाली ठेवला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. सुमित्राबाई डोळे पुशीत पोहे करायला लागल्या आणि रेणू हात धुवायला मागच्या अंगणात आली. दुर्गेश मागोमाग आला. धुकं विरत होतं. मिलच्या भोंग्याचा लांबून आवाज आला. त्याला उशीर होत होता, पण तो हलला नाही.

"आता तं बिघडणार नाई मशीन," तो म्हणाला.

"नाई."

"चांगलं झालं."

"झालं ना." रेणूनं ओले हात ओढणीला पुसले आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं. "पण एक कारण सापडायचं बाकी आहे. सहा दिवस भांडी घासली तुमी. कायले?"

"ते... आईचा हात दुखते म्हणून."

"आईचा हात पावसाळ्यापासून दुखते. हे नाई."

"मंग... म्हणलं, मशीनले आराम—"

"हेही नाई."

"तुमी काय मीटर लावून पाहून राहिल्या काय?" तो कसनुसा हसला.

"लावला आहे. सांगा. मी अशी उठत नाई, माहीत आहे ना तुमाले."

दुर्गेशनं खाली पाहिलं, वर पाहिलं, वाळत घातलेल्या वड्यांकडे पाहिलं. शेवटी पाहायला दुसरं काही उरलं नाही, तेव्हा त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"पहिल्या दिवशी तुमी मशीनपुढं बसल्या ना, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे होतं... ते पुन्हा फोनमागं बसलेलं मले पाहवलं नसतं," तो म्हणाला. "आन्... आन् तुमी मले आवडता रेणू. लय आवडता. बस, हेच कारण आहे."

अंगणात ऊन आलं. रेणूच्या छातीत असं काही धडधडू लागलं की त्याला ते ऐकू जाईल असं तिला वाटलं. गेलं तर जाऊ दे, असंही वाटलं.

"हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं दुर्गेश," ती म्हणाली. भाऊ नाही, साहेब नाही, नुसतं नाव, आणि तेही किती सहज. "मलेही तुमी आवडता. आता ऐका. रविवारी दरेकशाला या. माझे बाबा घरी असतात. त्यांच्याशी बोलायचं मी बोलीन, तुमी फक्त सोबत बसा. आईले घेऊन पुढच्या बारीले या."

"इतक्या लवकर?"

"मले काम लांबवलेलं आवडत नाई."

"आन् गाडी चुकली तं?"

"चुकली तं पायी या."

आतून सुमित्राबाईंनी पोहे झाले म्हणून हाक मारली. त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे त्या हाकेवरूनच कळत होतं, कारण इतक्या मोठ्यानं हाक मारायला घर काही एवढं मोठं नव्हतं.

रविवारी दुर्गेशनं गाडी चुकवली नाही. अकराचं बोलावणं होतं, तो पहाटेच्या पहिल्याच पॅसेंजरनं आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा, बोटांच्या चिरांना अजून मलम. दरेकशाच्या त्या छोट्याशा फलाटावर उतरताना तो मनाशी म्हणत होता, आता चार तास काढायचे कुठे?

आणि पाहतो तर स्वेटर घालून, दोन्ही हात काखेत दाबून, थंडीनं नाक लाल झालेली रेणू बाकावर बसली होती. ती तिथं तासाभरापासून होती.

"तुमी इतक्या लवकर काऊन?" दुर्गेशनं विचारलं.

"तुमचा काय भरवसा, म्हणलं पहिल्याच गाडीनं याल," ती म्हणाली, आणि उठून त्याच्या बाजूनं चालू लागली.